मर्सिडीज-बेंझ डब्ल्यू १२४ : एका जर्मन मोटारपिढीची जडणघडण, वैशिष्ट्ये आणि पुण्याशी आलेला संबंध

प्रस्तावना

मोटार ही केवळ प्रवासाची सोय नसून ती ज्या समाजात घडते त्या समाजाच्या तांत्रिक क्षमतेची, आर्थिक स्थितीची आणि मूल्यकल्पनांची द्योतक असते. यंत्र अभियांत्रिकीच्या अभ्यासकाला तीत गतिशास्त्र दिसते, वाणिज्याच्या अभ्यासकाला उत्पादनखर्च व बाजारपेठ दिसते, तर समाजशास्त्राच्या अभ्यासकाला प्रतिष्ठेचे चिन्ह दिसते. एकाच वस्तूचा असा बहुअंगी विचार करावयाचा झाल्यास मर्सिडीज-बेंझच्या 'डब्ल्यू १२४' या मोटारपिढीइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल.

ही मोटार १९८४ च्या अखेरीस तत्कालीन पश्चिम जर्मनीत सादर झाली. तिच्या विविध शरीरप्रकारांचे उत्पादन १९९७ पर्यंत चालू राहिले आणि एकूण पंचवीस लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. जर्मनीत या श्रेणीला 'उच्च मध्यम श्रेणी' असे संबोधले जाते. कंपन्यांचे अधिकारी, वकील, डॉक्टर, शासकीय कार्यालये आणि त्याचबरोबर टॅक्सीचालक असा तिचा ग्राहकवर्ग होता. भारतीय वाचकाच्या, विशेषतः महाराष्ट्रातील वाचकाच्या दृष्टीने या पिढीस आणखी एक महत्त्व आहे. भारतात जुळणी झालेली पहिली मर्सिडीज-बेंझ प्रवासी मोटार हीच होय आणि ती जुळणी पुण्याजवळील पिंपरी-चिंचवड येथे झाली.

प्रस्तुत लेखात या मोटारपिढीच्या निर्मितीची पार्श्वभूमी, तिची प्रमुख तांत्रिक वैशिष्ट्ये, तिच्यातील उणिवा आणि भारतातील तिचे स्थान यांचा आढावा घेतला आहे. 'उत्कृष्ट वस्तू आयात करता येते, तिची जुळणीही करता येते. परंतु ती घडविण्याची क्षमताही त्याच मार्गाने मिळते काय?' हा प्रश्न या आढाव्याच्या मुळाशी आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी

डब्ल्यू १२४ च्या आधीची पिढी 'डब्ल्यू १२३' या सांकेतिक नावाने ओळखली जाते. १९७६ मध्ये आलेल्या या पिढीच्या सुमारे २७ लाख मोटारी तयार झाल्या. यशस्वी उत्पादनाच्या जागी नवे उत्पादन आणणे हे अयशस्वी उत्पादन बदलण्यापेक्षा अधिक कठीण असते. कारण ग्राहकाला जुन्याविषयी तक्रार नसते. त्यामुळे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नव्या मोटारीचे काम सुरू झाले तेव्हा अभियंत्यांपुढे दुहेरी आव्हान होते. जुन्या मोटारीचा टिकाऊपणा राखावयाचा होता आणि बदललेल्या काळाच्या गरजाही भागवावयाच्या होत्या.

या गरजांमध्ये इंधनबचत अग्रस्थानी होती. १९७३ आणि १९७९ या वर्षांतील तेलसंकटांनी पश्चिम युरोपातील मोटारउद्योगाला हादरा दिला होता. मोठी, जड आणि इंधनाची उधळपट्टी करणारी मोटार यापुढे समर्थनीय ठरणार नव्हती. स्पर्धकही स्वस्थ बसलेले नव्हते. १९८१ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या ५ मालिकेची नवी पिढी आणली. १९८२ मध्ये आउडीने '१०० सी ३' ही मोटार सादर केली. तिच्या काचा शरीराच्या पत्र्याशी समतल बसविलेल्या होत्या आणि तिचा वायुरोध गुणांक केवळ ०.३० होता. मर्सिडीज-बेंझपुढील आव्हान त्यामुळे अधिकच स्पष्ट झाले.

याच काळात कंपनीने एक महत्त्वाचा पूर्वप्रयोग केला. १९८२ च्या अखेरीस '१९०' ही आकाराने लहान मोटार (डब्ल्यू २०१) बाजारात आली. मागील चाकांची नवी जुळणी, वजनात केलेली कपात आणि शरीराची पाचरीसारखी ठेवण ही डब्ल्यू १२४ ची वैशिष्ट्ये मानली जाणारी अनेक तत्त्वे प्रथम तिच्यात उतरली होती. डब्ल्यू १२४ मध्ये ही तत्त्वे अधिक मोठ्या आकारात आणि अधिक परिपक्व स्वरूपात आली. विकासविभागाची धुरा १९७७ पासून वेर्नर ब्राइटश्वेर्ट यांच्याकडे होती. पुढे १९८३ मध्ये ते डाइमलर-बेंझ कंपनीचे अध्यक्ष झाले. अभियंता संस्थेचा प्रमुख होणे ही घटना त्या काळातील कंपनीचा प्राधान्यक्रम दर्शविणारी आहे.

बाह्याकार आणि वायुगतिकी

मोटारीच्या बाह्यरूपाची जबाबदारी ब्रुनो साको यांच्या नेतृत्वाखालील विभागाकडे होती. इटलीतील उदिने येथे १९३३ मध्ये जन्मलेले साको १९७५ मध्ये या विभागाचे प्रमुख झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी आपल्या कामासाठी दोन तत्त्वे स्वीकारली होती. पहिले 'क्षैतिज एकरूपता' : एकाच काळातील कंपनीच्या लहानमोठ्या सर्व मोटारी एका कुटुंबातील वाटाव्यात. दुसरे 'ऊर्ध्व आत्मीयता' : नवी पिढी आल्यामुळे जुनी पिढी एकाएकी कालबाह्य वाटू नये. दुसऱ्या तत्त्वाचा आर्थिक अर्थही ध्यानात घेण्यासारखा आहे. जुन्या मोटारीची प्रतिष्ठा टिकली तर तिची फेरविक्रीची किंमत टिकते आणि फेरविक्रीची किंमत टिकली तर नव्या मोटारीची अधिक किंमत ग्राहकाला परवडते.

बाह्याकारामागील शास्त्रीय कारण समजून घेणेही आवश्यक आहे. हवेचा अवरोध हा वायुरोध गुणांक, मोटारीचे समोरील क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की अवरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. शहरातील संथ वाहतुकीत या बाबीला फारसे महत्त्व नाही. तथापि जर्मनीतील ऑटोबान महामार्गांवर ताशी १५० किलोमीटर वेगाने दीर्घकाळ जाणाऱ्या मोटारीच्या बाबतीत इंधनाचा मोठा वाटा हवा कापण्यातच खर्ची पडतो. डब्ल्यू १२४ च्या कमी शक्तीच्या, अरुंद टायरच्या आवृत्तीत हा गुणांक ०.२९ पर्यंत खाली आणण्यात आला. चार दारे, प्रशस्त आसने आणि उभट जाळी असलेल्या मोटारीसाठी ही कामगिरी त्या काळी उल्लेखनीय होती.

हा आकडा कोणत्याही एका क्लृप्तीने साधलेला नव्हता. मोटारीचा मागील भाग वर आणि दोन्ही बाजूंनी निमुळता केलेला होता. डिकीची कड तुलनेने उंच ठेवल्यामुळे हवेचा प्रवाह मागे सुरळीतपणे सुटत असे. डिकीचे झाकण मध्यभागी बंपरच्या जवळपर्यंत खाली उतरत असल्याने सामान फार उंच उचलावे लागत नसे. बाहेरचे दोन आरसेदेखील एकसारखे नव्हते; चालकाच्या बाजूचा आरसा रुंद आणि दुसऱ्या बाजूचा आखूड व चौकोनी होता, कारण दोन्ही बाजूंकडे पाहण्याचा चालकाचा कोन वेगळा असतो. सौंदर्यदृष्ट्या विषम वाटणारा हा निर्णय उपयुक्ततेच्या निकषावर घेतला गेला होता.

समोरच्या काचेवरील एकमेव वायपर हे या मोटारीचे सर्वांत परिचित वैशिष्ट्य ठरले. एका टोकाभोवती फिरणारा साधा वायपर काचेवर अर्धवर्तुळ पुसतो आणि वरचे दोन्ही कोपरे ओलेच राहतात. येथे वायपरच्या बुडाशी अशी यंत्रणा बसविली होती की, फिरता फिरता तो कोपऱ्यांकडे लांब होई आणि मध्यभागी पुन्हा आखूड होई. परिणामी काचेचा सुमारे ८६ टक्के भाग एकाच वायपरने स्वच्छ होत असे. भूमितीच्या वर्गात शिकविल्या जाणाऱ्या संयुक्त गतीचे हे रोजच्या वापरातील उदाहरण म्हणता येईल.

मागील चाकांची पंचदांडी जुळणी

डब्ल्यू १२४ च्या चालनगुणांचे रहस्य तिच्या मागील चाकांच्या जुळणीत होते. अवकाशात मोकळ्या असलेल्या कोणत्याही दृढ वस्तूला सहा प्रकारे हालचाल करता येते : तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. मोटारीच्या मागील चाकाला आधार देणाऱ्या भागाला यांपैकी केवळ एकच हालचाल हवी असते, ती म्हणजे रस्त्याच्या खाचखळग्यांनुसार वरखाली होणे. उरलेल्या पाच हालचाली रोखावयाच्या असतील तर तत्त्वतः पाच स्वतंत्र दांड्या पुरेशा होतात. हाच विचार करून प्रत्येक मागील चाकामागे पाच दांड्यांची जुळणी करण्यात आली. '१९०' या मोटारीत प्रथम वापरलेली ही रचना डब्ल्यू १२४ मध्ये कायम ठेवण्यात आली.

या रचनेचा लाभ असा की, प्रत्येक दांडीची लांबी आणि जोडणीचे स्थान वेगवेगळे ठरविता येते. त्यामुळे मोटार वळणावर झुकली, अचानक ब्रेक लागला किंवा डिकी सामानाने भरली तरी चाकाचा रस्त्याशी असलेला कोन जवळपास योग्य राहतो. जुन्या पद्धतीच्या रचनेत वळणावर मध्येच वेग कमी केल्यास मोटारीचा मागचा भाग बाहेर सरकण्याची भीती असे. नव्या रचनेने ती बरीच कमी केली. शिवाय दांड्यांच्या सांध्यांतील रबरी वेष्टनांमुळे रस्त्याचा आवाज आणि कंप आत पोहोचत नसे. आराम आणि नियंत्रण हे दोन गुण परस्परविरोधी असतात, हा समज या रचनेने मोठ्या प्रमाणात खोटा ठरविला. पुढील काळात इतर अनेक उत्पादकांनीही बहुदांडी रचनेचा मार्ग स्वीकारला.

सुरक्षिततेचा विचार

अपघातात मोटारीचा पुढील व मागील भाग नियंत्रितपणे चुरडला जावा आणि मधला प्रवासीकक्ष अभंग राहावा, ही कल्पना कंपनीतील अभियंता बेला बारेनी यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभीच मांडली होती. १९५९ मधील मोटारीत ती प्रत्यक्षात उतरली. परंतु प्रयोगशाळेतील धडक आणि रस्त्यावरील धडक यांत फरक असतो. प्रयोगात मोटार भिंतीवर सरळ आदळते. रस्त्यावर मात्र समोरून येणारे वाहन चुकविण्याच्या प्रयत्नात बहुधा मोटारीचा केवळ एका बाजूचा भाग आदळतो. अशा वेळी आघाताचा सारा भार एकाच बाजूच्या तुळईवर येतो.

ही वस्तुस्थिती विचारात घेऊन डब्ल्यू १२४ चा सांगाडा ताशी ५५ किलोमीटर वेगाच्या, समोरील केवळ ४० टक्के भागावर होणाऱ्या धडकेच्या निकषावर घडविण्यात आला. पुढील तुळया मागे जाताना फाट्यासारख्या विभागल्या असल्याने एका बाजूचा भार मोटारीच्या तळाकडे आणि मधल्या भागाकडे वाटला जाई. त्याच वेळी अधिक बळकट पोलादी पत्र्याचा वापर केल्यामुळे वजनही आटोक्यात राहिले. बळकटी म्हणजे जाड पत्रा, हा सर्वसामान्य समज येथे लागू पडत नाही. योग्य जागी योग्य धातू आणि भाराला वाट करून देणारी रचना हे बळकटीचे खरे सूत्र होते.

इंजिने : शक्ती, काटकसर आणि शांतता

आरंभीच्या मालिकेत चार, पाच व सहा सिलिंडरची इंजिने होती. '२०० डी' या सर्वांत साध्या डिझेल मोटारीची शक्ती ७२ अश्वशक्ती इतकीच होती, तर '३०० ई' या सहा सिलिंडरच्या पेट्रोल मोटारीची शक्ती उत्प्रेरक परिवर्तकाविना १९० अश्वशक्ती होती. एकाच शरीरात इतकी भिन्न इंजिने सामावली असल्यामुळे एकच मोटार टॅक्सीचालकाला आणि कंपनीच्या संचालकाला, दोघांनाही उपयोगी पडे. पश्चिम जर्मनीत टॅक्सींसाठी ठरलेल्या फिकट हस्तिदंती रंगातील डब्ल्यू १२४ हे तेथील विमानतळांबाहेरचे नित्याचे दृश्य होते.

डिझेल इंजिनाची त्या काळातील मोठी उणीव म्हणजे त्याचा खडखडाट. त्यावर उपाय म्हणून इंजिनाभोवती ध्वनिशोषक आवरण बसविण्यात आले. पुढे १९९३ मध्ये डिझेल इंजिनांतही प्रत्येक सिलिंडरमागे चार झडपांची रचना आली. पेट्रोल इंजिनांबाबत १९८० च्या दशकाच्या मध्यापासून उत्प्रेरक परिवर्तकाची सोय झाली व पुढे ती नेहमीची बाब ठरली. शिसेयुक्त पेट्रोलमुळे हा परिवर्तक निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोलची उपलब्धता ही त्याची पूर्वअट होती. अभियांत्रिकीतील सुधारणा केवळ कारखान्यात होत नाही. इंधनपुरवठा आणि शासकीय धोरण यांची साथ लागते, हे यावरून दिसते.

१९८५ मध्ये फ्रँकफुर्ट येथील प्रदर्शनात '४-मॅटिक' ही चारही चाकांना शक्ती देणारी प्रणाली सादर झाली आणि १९८७ पासून ती ग्राहकांना मिळू लागली. चाके घसरू लागल्याचे इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला जाणवताच पुढील चाके आपोआप कार्यान्वित होत. यंत्रशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिकी यांच्या संगमाचा तो आरंभकाळ होता.

शरीरप्रकार आणि नामकरण

सलूनखेरीज या पिढीत आणखी चार शरीरप्रकार आले. १९८५ मध्ये मागे सामानाची मोठी जागा असलेली इस्टेट मोटार आली. तिच्या मागील चाकांवर भार कितीही असला तरी मोटारीची उंची समान राखणारी जलवायवीय यंत्रणा बसविलेली होती. १९८७ मध्ये जिनिव्हा येथे दोन दारांची कूपे सादर झाली. त्यानंतर सहा दारांची लांब मोटार आणि १९९१ मध्ये उघड्या छताची चार आसनी कॅब्रिओले आली. १९७१ नंतर प्रथमच कंपनीने चार आसनांची उघडी मोटार तयार केली होती. छप्पर काढले की सांगाड्याची ताठरता घटते. ती भरून काढण्यासाठी तळ व बाजूंचे अनेक भाग नव्याने घडवावे लागले. इस्टेट प्रकारच्या सुमारे ३ लाख ४० हजार, कूपेच्या सुमारे १ लाख ४० हजार आणि कॅब्रिओलेच्या सुमारे ३४ हजार मोटारी तयार झाल्या.

नावांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. '३०० ई' या नावातील 'ई' हे अक्षर 'आइनश्प्रिट्झुंग' म्हणजे इंधन-अंतःक्षेपण या जर्मन शब्दाचे आद्याक्षर होते. 'डी' डिझेलसाठी होते. १९९३ पर्यंत जवळजवळ सर्वच पेट्रोल मोटारींत अंतःक्षेपण रूढ झाल्याने हे अक्षर निरर्थक ठरले. त्या वर्षी कंपनीने नामकरणाची पद्धत बदलली. 'ई' हे अक्षर आकड्याच्या पुढे आले आणि तेव्हापासून ते 'ई-क्लास' या श्रेणीचे निदर्शक झाले. म्हणजेच '२२० ई' आणि 'ई २२०' या दोन नावांत केवळ अक्षराची अदलाबदल नसून अर्थाचाही पालट आहे.

या पिढीतील सर्वांत शक्तिशाली मोटारींपैकी एक '५०० ई' ही होय. १९९० मध्ये पॅरिस येथे सादर झालेल्या या मोटारीत पाच लिटरचे आठ सिलिंडरचे ३२६ अश्वशक्तीचे इंजिन होते. तिच्या रुंद चाककमानी सिंडेलफिंगेन येथील नेहमीच्या उत्पादनरेषेत बसत नसल्याने हे काम पोर्शे कंपनीच्या त्सुफेनहाउझेन येथील कारखान्यात सोपविण्यात आले. शरीराची जोडणी पोर्शेकडे, रंगकाम सिंडेलफिंगेन येथे आणि अंतिम जुळणी पुन्हा पोर्शेकडे, असा तिचा प्रवास होता. त्या वर्षांत पोर्शे आर्थिक अडचणीत होती. तिच्या कामगारांना या कामाचा आधार झाला. १९९५ पर्यंत या प्रकारच्या १०,४७९ मोटारी तयार झाल्या.

उणिवा आणि बदलते अर्थकारण

डब्ल्यू १२४ विषयी लिहिताना केवळ गौरव करण्याकडे कल असतो. वस्तुनिष्ठ मूल्यमापनात उणिवांचीही नोंद घ्यावयास हवी. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात तयार झालेल्या अनेक मोटारींच्या इंजिनकक्षातील विद्युततारांचे आवरण काही वर्षांनी उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडू लागले. त्याच सुमारास पर्यावरणाच्या दृष्टीने पाण्यावर आधारित रंगाचा अवलंब करण्यात आला. या काळातील मोटारींना आधीच्या मोटारींच्या तुलनेत गंज लवकर चढतो, असा दुरुस्ती करणाऱ्यांचा अनुभव आहे. एक हेतू साधताना दुसरीकडे तडजोड कशी होते, याची ही उदाहरणे आहेत. त्याचप्रमाणे मूळ मोटारीत अनेक सोयी समाविष्ट नसत; त्यांसाठी ग्राहकाला स्वतंत्र किंमत मोजावी लागे.

यापेक्षा मोठे आव्हान बाहेरून आले. १९८९ च्या आरंभी टोयोटाने 'लेक्सस एलएस ४००' ही मोटार अमेरिकेत सादर केली. शांतता, बांधणीतील अचूकता आणि सोयी यांबाबत ती जर्मन मोटारींच्या तोडीस तोड होती आणि तिची किंमत मात्र बरीच कमी होती. तोपर्यंत मर्सिडीज-बेंझमध्ये आधी अभियंत्यांनी मोटार घडवावी आणि नंतर तिच्या खर्चावरून किंमत ठरवावी, असा क्रम प्रचलित होता. नव्या परिस्थितीत हा क्रम उलटा झाला. ग्राहक किती किंमत देईल हे आधी ठरवून त्या मर्यादेत मोटार घडविण्याची पद्धत रूढ होत गेली. १९९५ मध्ये आलेली पुढील पिढी, म्हणजे 'डब्ल्यू २१०', अधिक आधुनिक व सोयीसंपन्न होती; परंतु गंजाच्या तक्रारींमुळे तिच्या लौकिकाला बाधा पोहोचली. डब्ल्यू १२४ ला आज जो मान मिळतो त्याचे एक कारण या तुलनेतही आहे. जर्मनीत तीस वर्षे पूर्ण केलेल्या व सुस्थितीतील वाहनांना ऐतिहासिक वाहन म्हणून विशेष नोंदणी मिळू शकते. २०१४ पासून या पिढीतील आरंभीच्या मोटारी त्यासाठी पात्र ठरल्या.

पुण्याशी संबंध

डाइमलर-बेंझ आणि भारत यांचा औद्योगिक संबंध नवा नव्हता. १९५४ मध्ये टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांच्यात मालमोटारींच्या निर्मितीसाठी सहकार्यकरार झाला आणि जमशेदपूर येथे त्या मालमोटारी तयार होऊ लागल्या. १९६९ मध्ये या कराराची मुदत संपली, तोपर्यंत टेल्कोने स्वतःच्या बळावर मालमोटारी घडविण्याची क्षमता संपादन केली होती.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर आणि १९९३ मध्ये प्रवासी मोटारींचा उद्योग परवानामुक्त झाल्यानंतर परदेशी कंपन्यांचे लक्ष भारताकडे वळले. १९९४ मध्ये डाइमलर-बेंझ आणि टेल्को यांच्या संयुक्त उपक्रमातून मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी स्थापन झाली. १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरी-चिंचवड येथील आवारात डब्ल्यू १२४ ची जुळणी सुरू झाली. 'ई २२०' ही पेट्रोल आणि 'ई २५० डी' ही डिझेल अशा दोन प्रकारांत ती भारतीय ग्राहकांना मिळू लागली. योगायोग असा की, त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशातील चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला आणि तेथे शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करून देण्यात आले. जर्मनीत सुमारे दहा वर्षांपूर्वी घडलेले संक्रमण भारतात या टप्प्यावर सुरू झाले.

येथे एक बाब प्रकर्षाने नजरेस येते. पुण्यात ज्या वर्षी डब्ल्यू १२४ ची जुळणी सुरू झाली, त्याच वर्षी जर्मनीत तिच्या सलूनचे उत्पादन थांबले आणि नवी पिढी बाजारात आली. भारतीय ग्राहकाला मिळालेली मोटार उत्तम असली, तरी ती तिच्या मायदेशात निवृत्त होत असलेली मोटार होती. या व्यवहाराकडे दोन दृष्टींनी पाहता येते. एका दृष्टीने, दहा वर्षे रस्त्यावर पारखलेली आणि खराब रस्त्यांना तोंड देऊ शकणारी मोटार निवडणे हा व्यवहार्य निर्णय होता. दुसऱ्या दृष्टीने, नव्या बाजारपेठेला जुने उत्पादन देण्याची ती परिचित रीत होती. दोन्ही दृष्टींत तथ्य आहे.

अधिक मूलभूत प्रश्न ज्ञानाच्या हस्तांतराचा आहे. सुट्या भागांची जुळणी करताना कामगाराला अचूकता, स्वच्छता आणि तपासणीची शिस्त शिकता येते. हे शिक्षण मोलाचे असते. परंतु पाच दांड्यांपैकी प्रत्येकीची लांबी नेमकी तेवढीच का, तुळईचा फाटा नेमका तेथेच का, या प्रश्नांची उत्तरे जुळणीच्या रेषेवर मिळत नाहीत. ती आराखड्याच्या टेबलावर, चाचणीच्या मैदानावर आणि अनेक वर्षांच्या अपयशी प्रयोगांत दडलेली असतात. या संदर्भात पिंपरी-चिंचवडमध्येच घडलेली दुसरी घटना उद्बोधक आहे. टेल्कोने १९९८ मध्ये 'इंडिका' ही प्रवासी मोटार बाजारात आणली. तिच्या बाह्यरूपासाठी इटलीतील संस्थेचे साहाय्य घेतले असले, तरी मोटार घडविण्याचे दायित्व भारतीय अभियंत्यांनी स्वीकारले होते. आरंभीच्या इंडिकाविषयी ग्राहकांच्या तक्रारी होत्या आणि तिच्यात सुधारणा कराव्या लागल्या. गुणवत्तेच्या कोणत्याही कसोटीवर तिची तुलना डब्ल्यू १२४ शी होऊ शकत नाही. तथापि 'असे का?' हा प्रश्न विचारण्याचा आणि चुकण्याचा अधिकार पुण्यातील अभियंत्यांना डब्ल्यू १२४ ने दिला नाही. तो इंडिकाने दिला.

कालांतराने मर्सिडीज-बेंझचा भारतातील विस्तार वाढला. २००९ मध्ये कंपनीचा स्वतंत्र कारखाना चाकण येथे सुरू झाला आणि त्यानंतरच्या काळात चाकण परिसर देशातील एक महत्त्वाचे मोटारउत्पादन केंद्र बनला. या विकासाची एक सुरुवात पिंपरीतील त्या मर्यादित जुळणीत होती, याचे विस्मरण होऊ नये.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, डब्ल्यू १२४ ची गुणवत्ता एखाद्या चमत्कृतिपूर्ण शोधातून आलेली नव्हती. निमुळती डिकी, विषम आरसे, लांबीत बदलणारा वायपर, पाच दांड्या आणि फाटलेली तुळई या सर्व बाबी सुट्या सुट्या पाहिल्यास साध्या वाटतात. प्रत्येक लहान प्रश्नाचा शेवटपर्यंत पाठपुरावा करण्यास संस्थेने दिलेला वेळ आणि पैसा यांतून तिची एकत्रित उंची साकारली. दुसरा निष्कर्ष असा की, अशी मुभा कायम राहत नाही. बाजारपेठ बदलली, स्पर्धा वाढली आणि तीच कंपनी दुसऱ्या पद्धतीने विचार करू लागली. तिसरा निष्कर्ष भारतीय संदर्भातील आहे. जुळणी ही औद्योगिक विकासाची उपयुक्त पायरी आहे, परंतु ती पायरीच आहे. १९५४ च्या मालमोटार करारातून क्षमता निर्माण झाली, कारण त्या कराराची मुदत संपल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहणे भाग पडले.

अभियांत्रिकी व विज्ञान शाखांच्या अध्यापकांना या उदाहरणाचा वर्गात प्रत्यक्ष उपयोग करता येण्यासारखा आहे. स्वातंत्र्यांश, संयुक्त गती, वायुरोध आणि भारवहन या संकल्पना फळ्यावरील आकृत्यांत अमूर्त वाटतात. त्याच संकल्पना पुण्याच्या रस्त्यांवर अद्यापही अधूनमधून दिसणाऱ्या एखाद्या जुन्या 'ई २२०' मध्ये मूर्त झालेल्या आहेत. वाणिज्य व अर्थशास्त्राच्या अध्यापकांना तीच मोटार किंमतनिश्चिती आणि तंत्रज्ञान-हस्तांतर यांचा पाठ देऊ शकेल. विद्यार्थ्यांनी ती पाहून 'ही किती किमतीची?' या प्रश्नाबरोबरच 'ही अशी का?' हा प्रश्नही विचारावा, इतकी अपेक्षा या विवेचनातून व्यक्त करणे अप्रस्तुत ठरू नये.